गृहव्यवहार : बंबाची जागा

घर बदलताना किंवा दुरुस्त करताना सर्वांत मोठी अडचण कपाटांची आणि पलंगांची होते, असा समज आहे. खरी अडचण असते ती विस्तवाची. कपाट कोणत्याही भिंतीला टेकून उभे राहते. विस्तवाला मात्र हवा लागते, त्याच्या धुराला वाट लागते, राखेला कोपरा लागतो आणि सरपणाला कोरडे छप्पर लागते. जुन्या प्रशस्त घरात या चारही गोष्टी इतक्या सहज सामावलेल्या असत, की त्यांची वेगळी मोजदाद कोणी केली नाही. घर लहान झाले की मात्र या जागेचा हिशेब पुढ्यात येऊन उभा राहतो.

महाड तालुक्यातील तळीये गावावर हा प्रश्न अत्यंत क्रूर रीतीने आला. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत डोंगराचा कडा कोसळला आणि कोंढाळकरवाडीतील तीसहून अधिक घरे मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. तळीयेत वाचलेल्यांना तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कंटेनरची घरे देण्यात आली, आणि गावाच्या कायम पुनर्वसनाची जबाबदारी म्हाडाकडे सोपविण्यात आली. हरपलेल्या माणसांपुढे वस्तूंचा विचार करणे कोणालाही जड जावे. तरीही वाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला ऊन पाणी लागतेच आणि संध्याकाळी भाताचे आधण ठेवावेच लागते. मागील पडवीत चूल, परसात पाणी तापविण्याची जागा आणि आढ्याखाली वर्षभराचे सरपण, अशी ज्यांच्या घराची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांनी पत्र्याच्या चार भिंतींत विस्तव कोठे मांडावा? बंद पत्र्याच्या खोलीत लाकडाची चूल पेटविता येत नाही. धुराने जीव गुदमरतो आणि तापलेला पत्रा वेगळाच धोका निर्माण करतो. चुलीची जागा कोणी ठरवायची, हा प्रश्न पुनर्वसनाच्या कागदावर फार लहान दिसतो. घरातील बाईसाठी मात्र तो दिवसाचा पहिला प्रश्न असतो.

त्याच दिवशी महाड शहरात सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. सखल भागांत ते पहिल्या मजल्यापर्यंत चढले. कापड, किराणा, भुसार, औषधे असा सगळा माल चिखलात गेला. पाणी ओसरल्यावर अनेक व्यापारी कुटुंबांनी घर आणि दुकान यांची फेरमांडणी केली. तळमजल्यावरील राहणे वर गेले, गोदामाचा माल माळ्यावर गेला, आणि मागील दारची जी पट्टी आजवर न्हाणीसाठी व बंबासाठी राखलेली होती, तिच्यावर अनेक गरजांनी एकाच वेळी हक्क सांगितला. जुना बंब काढायचा, तर त्याच्या जागी काय आणायचे आणि ते मावणार कोठे, या प्रश्नाचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बंब नावाचे यंत्र

बंब हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. मूळ शब्दाचा अर्थ पाण्याचा पंप. म्हणूनच आग विझविणाऱ्या गाडीलाही मराठी माणूस बंबच म्हणतो. पाणी तापविणारा बंब ही तांबटांच्या कौशल्याची साक्ष आहे. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी पत्रा ठोकून घडविलेले असे बंब कोकणातील आणि देशावरील घराघरांत पोहोचले. बाहेर तांब्याचे गोल भांडे, त्याच्या मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा आणि बाजूला पितळी तोटी, एवढीच त्याची रचना. विस्तव नळीत पेटतो आणि पाणी त्याच्या सभोवार असते. त्यामुळे उष्णता बाहेर वाया जाण्याऐवजी पाण्यातून वाट काढते. रशियातील आणि काश्मीरमधील सामोवार याच तत्त्वावर चालतो. उघड्या चुलीवर हंडा ठेवण्यापेक्षा बंब निश्चितच काटकसरी आहे. त्याला वीज लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. ज्या वस्तूने तीन पिढ्यांना ऊन पाणी दिले, तिला केवळ जुनी म्हणून नावे ठेवणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पण यंत्राचा गुण आणि त्याची सोय या दोन वेगळ्या बाबी आहेत. बाजारपेठेतील एखादे नेहमीचे घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे दुकान, वर राहण्याच्या दोन खोल्या, दहा फूट रुंदीची लांबट इमारत. मागे चार फुटांची सज्जासारखी पट्टी, तीत न्हाणी आणि बंब. घरात सहा माणसे. त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, ज्या आजही पहाटे स्वतः बंब पेटवितात, आणि सहा वर्षांचा नातू, ज्याला पावसाळा लागला की छातीत घरघर सुरू होते. सून म्हणते, “अहो आई, आता हा बंब काढू या. धुराने बाळाला रात्रभर खोकला येतो.” आजी म्हणतात, “धूर माझ्या सासूबाईंच्या काळीही होता, सूनबाई. आणि तुमच्या त्या यंत्रातले पाणी उकळलेले असते का, ते आधी विचारून या.” मुलगा दोघींच्या मध्ये वहीत आकडे मांडतो. असा संवाद महाड-पोलादपुरात आणि महाराष्ट्रातील कितीतरी पेठांत होत असेल. त्यातील तिघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

बंब खरोखर किती जागा घेतो?

बंबाचा घेर दीड फुटाचा. वरवर पाहता तो एका कोपऱ्यात मावतो. परंतु व्यापारी माणूस दुकानातील यंत्राची जागा मोजताना त्याच्या कच्च्या मालाचीही जागा मोजतो. बंबाचा कच्चा माल म्हणजे लाकूड.

हिशेब असा. एका अंघोळीला वीस लिटरची एक बादली धरावी. हिवाळ्यात नळाचे पाणी वीस-बावीस अंशांवर असते आणि अंघोळीला ते चाळीस-बेचाळीस अंशांवर लागते. म्हणजे वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचे, त्यासाठी ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. सहा माणसांसाठी रोज २४०० किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडात किलोमागे ढोबळमानाने ४००० किलोकॅलरी असतात. पण उघड्या पारंपरिक चुलीत त्यांपैकी दहा-पंधरा टक्केच पाण्याला पोहोचतात. बंबाची कामगिरी त्याच्या दुप्पट, म्हणजे तीस टक्के धरली, तरी रोज दोन किलो लाकूड लागते. महिन्याला साठ किलो, आणि पावसाच्या चार महिन्यांचे कोरडे सरपण आधीच भरून ठेवायचे तर दोनशे चाळीस किलो. एवढे सरपण रचून ठेवले की एका मोठ्या कपाटाची जागा व्यापते. त्यात राखेचा डबा, कोयता, फुंकणी आणि भिंतीवर चढणारी काजळी मिळवावी.

म्हणजे दीड फुटाच्या बंबाची खरी जागा एका कपाटाएवढी अधिक आहे. बाजारपेठेत चौरस फुटाचे भाडे काय आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्या जागेचे मासिक भाडे बंबाच्या नावे मांडून पाहावे. लाकूड फुकट मिळत असले तरी बंबाचे पाणी फुकट पडत नाही, हे तेव्हा ध्यानात येते.

जागेच्या जोडीला प्रकृतीचाही खर्च आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या वर्षी जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. या धुरावर उपाय शोधण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धुराड्याची ‘मगन चूल’ घडविली. पुढे केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही गॅस पोहोचू लागला. तरीही अनेक घरांत स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचे पाणी लाकडावर, असा दुहेरी संसार चालू राहिला. कारण स्वयंपाकघरातील चूल बदलली, मागील दारचा विस्तव मात्र कोणाच्या नजरेत आला नाही.

लाकडाच्या बाबतीत श्रावक कुटुंबाला आणखी एक विचार करावा लागतो. पावसाळ्यात सरपणात वाळवी, मुंग्या, भुंगेरे शिरतात आणि त्यावर बुरशी धरते. काळजीवाहू गृहिणी प्रत्येक लाकूड झटकून, पाहून मगच विस्तवात घालते. पण लाकडाच्या पोटात लपलेल्या जिवाला कोण पाहणार? ऐन चातुर्मासात, ज्या काळात यतना अधिक पाळायची, त्याच काळात सरपण सर्वांत अधिक जीवयुक्त असते. अग्निकायाची विराधना कोणत्याही इंधनात आहेच. निदान त्रसजीवांची हिंसा टाळता आली तर टाळावी, हा विचार बंबाच्या विरुद्ध बाजूच्या पारड्यात पडतो.

त्याच्या जागी काय?

उपलब्ध पर्याय मोजकेच आहेत. प्रत्येकाची किंमत दुकानदार सांगतोच. जागेच्या आणि धोक्याच्या दृष्टीने मात्र ते फारसे तपासले जात नाहीत.

पहिला पर्याय विजेच्या साठवण गिझरचा. पंधरा लिटरचा, दोन हजार वॉटचा गिझर ही सर्वसामान्य निवड. पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापले की त्यात गार पाणी मिसळून सुमारे बत्तीस लिटर अंघोळीचे पाणी होते, म्हणजे दीड बादली. पुन्हा तापण्यास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. सहा माणसांनी वेळ वाटून घेतली तर एक गिझर पुरतो. जागा अपुरी असेल तर आडवा गिझर घ्यावा. तो न्हाणीच्या दारावरील पोकळीत बसतो आणि जमिनीचा एक इंचही घेत नाही. परंतु पाण्यासह त्याचे वजन पंचवीस किलोच्या आसपास जाते. विटांची पक्की भिंत हे वजन पेलते. अर्ध्या विटेची आडभिंत, मातीची जुनी भिंत किंवा पूर्वनिर्मित घराचा पातळ फलक ते पेलेलच असे नाही. तेथे जमिनीपर्यंत टेकणारी लोखंडी चौकट आधी बसवून घ्यावी. तळीयेसारख्या पुनर्वसित वस्तीत किंवा नव्या हलक्या बांधकामात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

दुसरा पर्याय तात्काळ तापविणाऱ्या लहान विद्युत गिझरचा. एक ते तीन लिटरचे हे यंत्र हातभर असते. जागेच्या दृष्टीने याहून सोयीचे काही नाही. पण ते तीन हजार वॉट ओढते आणि तरीही मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच ऊन पाणी देते. एक बादली भरायला नऊ-दहा मिनिटे लागतात. जुन्या इमारतीतील बारीक तारांवर तेरा अँपिअरचा हा भार टाकणे म्हणजे भिंतीच्या आत बंब पेटविण्यासारखे आहे. आधी वीजवाहिनी बदलावी, सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग घ्यावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवावा. ही कामे गिझर आणण्यापूर्वीची आहेत. घाईने आणलेला गिझर आधी भिंतीवर चढतो आणि वायरमनला मात्र दिवाळीनंतर बोलावले जाते, असे होऊ नये. बादलीत सोडण्याचा रॉड हा तर पर्यायच मानू नये. लहान मुले आणि ओली फरशी असलेल्या घरात त्याची स्वस्ताई महाग पडते.

विजेच्या खर्चाचा हिशेबही सोपा आहे. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. २४०० किलोकॅलरींना पावणेतीन युनिट लागतात. भांड्यातून निसटणारी उष्णता धरून ती तीनच्या थोडी वर जातात. महिन्याला सुमारे पंचाण्णव युनिट. आता वीजबिलाची मागील बाजू पाहावी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर निराळा, एकशे एक ते तीनशेचा निराळा, त्यापुढचा आणखी चढा. म्हणून गिझरच्या पंचाण्णव युनिटांना बिलाचा सरासरी दर लावू नये. ती युनिटे ज्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात, तो दर लावावा. व्याजाच्या हिशेबात शेवटच्या रुपयाचा दर पाहावा लागतो, तसेच हे आहे. उन्हाळ्यात ऊन पाणी फारसे लागत नाही, त्यामुळे वर्षाचा खर्च काढताना आठ महिनेच धरावेत.

तिसरा पर्याय गॅस गिझरचा. तो भरभर पाणी देतो आणि वीज गेली तरी चालतो. वरच्याच हिशेबाने सहा माणसांच्या अंघोळीला रोज पाव किलोहून थोडा अधिक गॅस लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे पन्नास दिवस पुरतो. मात्र याच पर्यायात सर्वांत मोठा धोका दडला आहे. गॅस जळताना खोलीतील प्राणवायू खर्च होतो, आणि तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो म्हणून माणूस बाहेर पळतो. हा वायू माणसाला हळूहळू गुंगी आणतो आणि पळण्याची शक्तीच काढून घेतो. दार लावलेल्या लहान न्हाणीघरात गॅस गिझर सुरू ठेवून अंघोळीला बसलेली धडधाकट माणसे यामुळे दगावली आहेत. बंद खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचाही धोका हाच. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. जागा नाही, म्हणून आत बसवला, हे कारण येथे चालत नाही.

थंड देशांतील अनुभव येथे उपयोगी पडतो. युरोप-अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी तळघरात मोठ्या भट्ट्या असत. पुढे जागा महाग झाली आणि भट्टीऐवजी कपाटात मावणारे, भिंतीवर टांगण्याचे बॉयलर आले. यंत्र लहान झाले म्हणून ते घरात आले, असे नव्हे. जळणासाठी लागणारी हवा बाहेरून घेणारी आणि जळालेला वायू थेट बाहेर सोडणारी नळी त्याला जोडता आली, म्हणून ते आत आणता आले. जपानमध्ये घरे फारच आटोपशीर असतात. तेथे गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र पुष्कळदा बाहेरच्या भिंतीवर किंवा सज्जात बसवितात. विस्तव बाहेर राहतो, ऊन पाणी नळातून आत येते. आपले पूर्वज बंब परसात ठेवीत, त्यामागचे शहाणपण हेच होते. जागेच्या टंचाईत बंब न्हाणीच्या आत सरकला, तेव्हा आपण ते विसरलो. ज्यांच्याकडे मागची उघडी भिंत आहे, त्यांनी गॅस गिझर त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, पावसापासून आडोसा देऊन बसवावा. ज्यांच्याकडे अशी भिंत नाही, त्यांनी तो पर्याय सोडून द्यावा.

चौथा पर्याय सूर्याचा. शंभर लिटरच्या सौर जलतापकाला सुमारे दोन चौरस मीटरचा संग्राहक आणि दक्षिणेचे मोकळे ऊन लागते. पक्की गच्ची असेल तर जमिनीवरील जागा न घेता तो वर्षानुवर्षे सेवा देतो. पण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाचे चार महिने त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि जुन्या कौलारू छपरावर त्याचे वजन टाकता येत नाही. तो मुख्य सोय म्हणून नव्हे, तर विजेचा जोडीदार म्हणून शोभतो.

पुराच्या गावातील काळजी

महाडकरांना एक काळजी अधिक घ्यावी लागते. २०२१ च्या पाण्याची खूण बहुतेक भिंतींवर आजही स्मरणात आहे. गिझर, त्याचा प्लग आणि मुख्य स्विच त्या खुणेच्या वर बसवावेत. यंत्र पाण्याखाली गेले असेल तर कोरडे दिसते म्हणून सुरू करू नये. तंत्रज्ञाकडून उघडून तपासून घ्यावे.

गॅसच्या सिलिंडरविषयी एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. भरलेला सिलिंडर जड असतो, सुमारे तीस किलोचा, म्हणून तो पाण्यात बुडेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याची धारणक्षमता तेहतीस लिटरांहून थोडी अधिक आहे. पोलादाची जाडी धरली तर तो पस्तीस लिटरांच्या आसपास पाणी बाजूला सारतो. पस्तीस लिटर पाण्याचे वजन पस्तीस किलो. म्हणजे भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो, रिकामा तर बुचासारखा. पाणी शिरले की तो नळी तोडून घरभर फिरू लागतो. पुराचा इशारा मिळताच रेग्युलेटर काढून, झाकण लावून सिलिंडर वरच्या मजल्यावर नेऊन उभा ठेवावा. तेवढा वेळ नसेल तर साखळीने भिंतीला बांधावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर जिन्याखालच्या खोलगट भागात ठेवू नये. जागा वाचविण्यासाठी सर्वांत आधी हीच जागा निवडली जाते, हे दुर्दैव. दर पाच वर्षांनी सुरक्षा नळी बदलावी.

आजींचा प्रश्न

आता आजींच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण या चर्चेतील सर्वांत नेमका प्रश्न त्यांचाच आहे. गिझरमधील पाणी उकळलेले असते का? नसते. साठवण गिझर साठ-सत्तर अंशांवर आपोआप बंद होतो. ते पाणी हाताला कितीही चटका देवो, ते अचित्त झाले असे म्हणता येत नाही. एकासणे, आयंबिल, उपवास किंवा वर्षीतप करणाऱ्याला पिण्यासाठी तीन उकाळे आलेले पाणीच हवे. शिवाय नळातून थेट गिझरमध्ये जाणारे पाणी गाळलेलेही नसते.

याचा अर्थ असा की आजवर बंब एकाच विस्तवावर दोन कामे करीत होता. तो अंघोळीचे पाणी तापवीत होता आणि तपस्वी माणसाचे पिण्याचे पाणी उकळीत होता. नवे यंत्र आणताना पहिलेच काम डोळ्यांपुढे राहते आणि दुसरे विसरले जाते. मग वृद्ध माणूस गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे हट्ट म्हणून गणले जाते. वास्तविक उपाय अवघड नाही. पिण्याचे पाणी सहा माणसांच्या अंघोळीइतके लागत नाही. गळण्याने गाळलेले आठ-दहा लिटर पाणी स्वयंपाकघरातील गॅसवर, शेगडी पुंजणीने झाडून, झाकण ठेवून उकळावे. त्याला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ आणि स्वयंपाकाच्या गॅसमधील थोडा भाग लागतो. परातीत ते निववून माठात भरावे आणि काळमर्यादा पाळावी. चातुर्मासात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी गळणे बांधून ते नियमाने काढावे आणि जीवाणी योग्य ठिकाणी पोहोचवावी. एवढी व्यवस्था गिझर बसविण्यापूर्वीच ठरवून आजींना सांगितली, तर त्यांचा विरोध बहुधा तेथेच संपतो. त्यांना बंब हवा होता असे नाही. घरातील नियम कोणाच्या तरी ध्यानात आहे, एवढी खात्री हवी होती.

आजींच्या बाजूने आणखी एक विचार आहे. बंबाची तोटी सोडून कढत पाण्याची बादली न्हाणीपर्यंत नेणे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धोक्याचे आहे. पाय घसरला तर पडण्याचेही भय आणि भाजण्याचेही. बंब गेल्याने जी जागा मोकळी होईल, तिच्यावर लगेच कपाट उभे करू नये. तेथे भिंतीला धरण्याची दांडी, बसून अंघोळ करण्यासाठी ओटा आणि हाताशी येणारा मिसळणीचा नळ बसवावा. नातवाची छाती धुरापासून सुटली आणि आजींची बादली सुटली, तर त्या चार चौरस फुटांचे भाडे वसूल झाले असे समजावे.

जुन्या तांब्याचे काय?

शेवटी बंबाचीच गोष्ट. तांबे मोडीत चांगल्या भावाने जाते, आणि दुरुस्तीच्या गडबडीत पहिल्या दारावर आलेल्या भंगारवाल्याला बंब दिला जातो. घाई करू नये. तोटी पितळेची, जाळी लोखंडाची. हे भाग वेगळे करून तांब्याचे वजन स्वतःच्या काट्यावर करावे आणि दोन ठिकाणी भाव विचारावा. त्याहून बरे म्हणजे, जेथे मोकळे अंगण आहे आणि वीज वारंवार जाते, अशा वाडीवरच्या नातलगाला किंवा गड्याच्या घरी तो चालू अवस्थेत द्यावा. उघड्यावर तो अजून वीस वर्षे काम देईल. बंबात गॅसची शेगडी सोडण्याचे प्रयोग मात्र कोणी करू नयेत. त्याची नळी लाकडासाठी घडविलेली आहे.

तळीयेतील घरांबरोबर कित्येक बंब, हंडे आणि चुली मातीखाली गेल्या. काय ठेवायचे आणि काय द्यायचे, हे ठरविण्याची संधी त्या माणसांना मिळाली नाही. ज्यांना ती मिळाली आहे, त्यांनी पावसाळ्याच्या आत, घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाला शेजारी बसवून हा निर्णय घ्यावा. वहीत पाच रकाने आखावेत : यंत्राची किंमत, महिन्याचा खर्च, जागेचे भाडे, धोका आणि घरातील नियम. चार रकाने मुलगा भरील. पाचवा आजींना विचारून भरावा.